भेदऱ्याचा फेरफार

टमाटरच्या एकाच फुलात नवराही असतो आणि बायकोही असते, हे हरिदासभाऊंना वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, राजुऱ्यातल्या स्वतःच्या अंगणात, फोन कानाला लावलेला असताना कळलं. शेजारी बादली पालथी पडली होती. तिच्यावर ते मटकन बसले.

"एकाच फुलात?"

"हो बाबा," त्यांची मुलगी रिना नागपूरहून म्हणाली. ती तिकडे बी.एस्सी. शिकत होती. "मधली हिरवी काडी ती मादी, आणि तिच्याभोवतीची पिवळी नळी तो नर. दोघं आतल्या आत लग्न लावून मोकळे होतात. तुमची गरज नाही."

एकाच घरात दोघं, हा धक्का होताच. पण खरा घाव बसला तो शेवटच्या वाक्याचा. तालुक्याच्या मोजणी कार्यालयात हरिदासभाऊंचा जन्म गेला होता. त्यांच्या टिपणीशिवाय दोन सख्ख्या भावांमधला बांध बोटभर सरकत नसे. आणि इथे कवडीएवढं पिवळं फूल त्यांना न विचारता सगळा व्यवहार उरकत होतं!

"मंग मी काय करू?"

"फूल उमलायच्या आधीच कळी उघडायची आणि ती पिवळी नळी चिमट्यानं उपटून टाकायची. उरली फक्त मादी. मग दुसऱ्या झाडाचा पराग आणून तिला लावायचा."

हरिदासभाऊंनी इकडेतिकडे पाहिलं. बापलेकीनं मोठ्यानं बोलावं असं हे बोलणं नव्हतं. "अभ्यासाकडे लक्ष दे," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि बराच वेळ त्या फुलाकडे पाहत राहिले. किती साधं दिसत होतं ते! पहाटेच्या पावसाचा एक थेंब पाकळीच्या टोकाशी लोंबत होता, आणि आत असलं सगळं चाललं होतं.

या भानगडीत ते पडले होते ते मनकर्णाबाईपायी. त्यांची बायको मनकर्णाबाई अंगणवाडीत सेविका. बाई शांत, कमी बोलणारी. पण बाजारातलं टमाटर चिरताना तिला दर वेळी एकच गोष्ट आठवे. ती फोड उजेडात धरून पाही, बोटानं दाबी आणि म्हणे, "रबर हाय हे. आमच्या भेदऱ्याची सर नाई याले."

बाजारात मिळतं ते टमाटर, आणि गावच्या कुडाच्या कुंपणाला लगडतं ते भेदरं. मनकर्णाबाईचं माहेर गोंडपिपरीकडचं. तिथल्या भेदऱ्याची साल पातळ, अंगावर वळ्या, आणि आंबटपणा असा की खाताना एक डोळा आपोआप मिटावा. आई वारली, तिच्याबरोबर तिच्या दारचा कुडही गेला, पण बी भावाकडे उरलं होतं. दोन वर्षं हरिदासभाऊंनी ते आणून लावलं. दोन्ही वर्षं रोपं हिरवीगार झाली, पावसाचा जोर झाला, आणि एका सकाळी वाईट बातमी ऐकल्यासारखी सगळी माना टाकून उभी. मर रोग. बाईनं काही म्हटलं नाही. बाजारातलं टमाटर आणलं, चिरलं आणि फोड उजेडात धरली.

ते न म्हणणं हरिदासभाऊंना लागलं.

कामानिमित्त ते सिरोंच्याला गेले, तेव्हा बाजारात एक जुनं वाण दिसलं. पिवळट, फोपशं, जाड सालीचं. विकणारी म्हणाली, गुडघाभर पाण्यात उभं राहिलं तरी मरत नाही. हरिदासभाऊंनी चाखून पाहिलं. ओलं फडकं चावल्यासारखं लागलं. पण परतीच्या बसमध्ये, आलापल्लीच्या रानातून गाडी हिंदकळत येताना, त्यांच्या डोक्यात वीज चमकली. सिरोंच्याचा जीव आणि गोंडपिपरीची चव! दोन्हींचा क्रॉस करून एका फळात आणायची. बायकोच्या ताटात माहेर आणून वाढायचं. बस, ठरलं.

तर या वर्षी त्यांनी अंगणात उंच वाफा केला. केला म्हणजे आधी मोजला. चारी कोपऱ्यांना खुंट्या मारल्या, दोरी लावली, कर्ण ताडून पाहिले. एका अंगाला गोंडपिपरीचं भेदरं, दुसऱ्या अंगाला सिरोंच्याचं. उंचावर असल्यामुळे की काय, यंदा गोंडपिपरीची निम्मी रोपं जगली.

आता पुढची अडचण भाषेची. शेजारणी येता-जाता विचारत, "काय करून राह्यले जी, हरिदासभाऊ?" बुद्धविहाराच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष कमळाबाईंना, भर रस्त्यात, नर आणि मादी हे शब्द वापरून उत्तर कसं द्यायचं? हरिदासभाऊंनी कार्यालयाचा आधार घेतला.

"हे गोंडपिपरीचं झाड म्हणजे अर्जदार. ते सिरोंच्याचं गैरअर्जदार. अर्जदाराच्या कळीत आपसात जे चाललं असते, ते आधी रद्द करायचं. मंग गैरअर्जदाराचा पराग हजर करायचा. फळ धरलं, की फेरफार मंजूर."

कमळाबाईंनी खुंट्यांकडे आणि दोरीकडे पाहिलं. "जमिनीचा वाद हाय काय कोणाचा?" त्यांनी सहानुभूतीनं विचारलं आणि गेल्या.

भिंतीपलीकडे राहत पत्रूभाऊ. कोळसा खाणीतून निवृत्त झालेले. त्यांच्या मते जगातला प्रत्येक प्रश्न खाणीत आधीच सुटलेला होता. सकाळी उजाडता उजाडता हरिदासभाऊ जुने नकाशे वाचायचं भिंग एका डोळ्याला लावून, रिनाचा भुवया कोरायचा चिमटा हातात धरून कळीवर वाकले, की भिंतीवर पत्रूभाऊंचं डोकं उगवे.

"भाऊ, काटा रुतला काय त्याले?"

"पत्रूभाऊ, श्वास रोखा जरा. पराग उडते."

"खाणीत आमी असंच श्वास रोखून राहत होतो. पण तिथी पगार होता." मग भिंतीवर कोपरं टेकून, "चप्पल मारा त्याले. अवसेच्या दिवशी डाव्या पायाची चप्पल मारली, की झाड भेते आन् फळते. आमच्या मामाचा फणस तसाच फळला."

आयुष्यभर ज्यानं अंगारे-धुपारे, नवस-सायास यांच्याविरुद्ध भाषणं केली, त्या माणसानं अवसेला भेदऱ्याला चप्पल मारावी! हरिदासभाऊ संतापानं थरथरले, आणि त्या थरथरीत चिमट्यानं नळीबरोबर हिरवी काडीही उपटली. अर्जदार जागीच गतप्राण.

अशा कितीतरी कळ्या गेल्या. कधी काडी तुटे, कधी शिंक येई, कधी सगळं व्यवस्थित झाल्यावर दुपारची सर येऊन कळीसकट देठ खाली टाकी. त्यात परागच मिळेना. पावसाळी हवेत तो आतल्या आत चिकटून बसे. पुन्हा नागपूरला फोन.

"बाबा, भुंगा फुलाला लटकतो आणि गुणगुणतो. त्या थरथरण्यानं पराग झडतो."

भुंगा काही हुकमी येत नाही. हरिदासभाऊंनी विचार केला, घरात थरथरणारं काय आहे? त्यांनी दाढीचं ट्रिमर आणलं, चालू केलं आणि सिरोंच्याच्या फुलाच्या मागच्या बाजूला हलकेच टेकवलं. आणि अहो आश्चर्य! पिवळी धूळ सोनेरी उन्हात भुरभुरली आणि वाटीत पडली. हरिदासभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मान वर केली, तर भिंतीवर पत्रूभाऊंचं डोकं. या वेळी ते डोकं नुसतं खाली गेलं.

संध्याकाळी पानठेल्यावर बातमी होती, की हरिदासभाऊ भेदऱ्याची दाढी करून राह्यले. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरचा न्हावी त्यांना पाहून दुकानाबाहेर आला. "भाऊ, आमच्या हाताले काई दोष लागला काय? घरीच करून राह्यले म्हणते सगळ्यांची."

मान खाली घालून ते गेले ते थेट शेती खात्याच्या एका कार्यालयात. मर रोगाबद्दल नीट सल्ला घ्यावा, एखाद्या जाणत्या माणसाशी चार शब्द बोलावेत, एवढीच इच्छा. टेबलामागच्या तरुणानं मान वर न करता हात पुढे केला.

"सातबारा."

"घराचं अंगण हाय. प्लॉट."

"म्हणजे अकृषक."

"हो, पण झाड..."

"अकृषक जमिनीवर टमाटर?" आता त्यानं मान वर केली. त्या नजरेनं हरिदासभाऊंना वाटलं, आपण अंगणात गांजा लावला आहे. "तुम्ही शेतकरी नाही. शेतकऱ्यांसाठीचा सल्ला तुम्हाला देता येत नाही. प्लॉट कृषक करून आणा."

"कुठून?"

"मोजणी कार्यालयापासून सुरुवात करा. पण तिथं एक हेडक्लार्क आहेत म्हणतात, ते दिवाळीआधी काही हलू देणार नाहीत."

हरिदासभाऊंनी आपलं ओळखपत्र खिशात खोल ढकललं. परतताना त्यांना सर्वांत जास्त हादरा कशाचा बसला असेल, तर हरकत अगदी बिनचूक होती याचा. त्यांनीही तीच घेतली असती.

पण एका कळीनं त्यांचं ऐकलं. तिची पाकळी गळली, देठ मात्र राहिला, आणि देठाच्या टोकाशी मोहरीएवढा हिरवा ठिपका दिसू लागला. हरिदासभाऊंनी तो भिंगातून पाहिला, चष्म्यातून पाहिला, चष्मा काढून पाहिला. भाचीच्या लग्नात बडीशेप भरून वाटलेली जाळीदार थैली त्यांनी त्या ठिपक्याभोवती बांधली आणि त्या दिवशी कार्यालयात कोणाच्याही अर्जावर हरकत घेतली नाही.

मग निघाला हुकूम. या वाफ्यातलं एकही भेदरं कोणी तोडायचं नाही. थैलीतलं तर नाहीच, पण बाकीच्या झाडांवरचीही नाहीत. तुलनेसाठी लागतील, बियाण्याला लागतील, असू देत. भादव्यात गोंडपिपरीची बाकीची झाडंही लगडली; सिरोंच्याची फुलं परागापायीच संपली होती. हिरवी भेदरी पिवळी झाली, पिवळी केशरी झाली, केशरी लाल झाली, आणि पानांआडून अशी लाल लाल दिसत, जसं पदराआडून कपाळावरचं कुंकू. अंगणवाडीतून आल्यावर मनकर्णाबाई वाफ्याशेजारच्या नळावर पाय धुई. धुऊन झाले तरी तिथंच थोडी थांबे.

"एक तोडू का जी?"

"वाण पक्कं होऊ दे. घाई नाई करायची. हे सगळं तुझ्यासाठीच तर करून राह्यलो."

"बरं," ती म्हणे, आणि आत जाऊन बाजारातलं टमाटर चिरी.

थैलीतलं फळ पिकू लागलं तशी गल्लीतली उत्सुकताही पिकली. पत्रूभाऊ भिंत सोडून दारातून आले. कमळाबाई आल्या. सगळ्यांनी जाळीतून आत पाहिलं. एक वळ्यावळ्यांचं लाल भेदरं. शेजारच्या फांदीवर होतं तसंच.

"क्रास कुठी हाय?" पत्रूभाऊंनी विचारलं.

"हेच."

"मंग वेगळं काऊन नाई दिसत? मले वाटलं, निळंगिळं निघन."

हरिदासभाऊंनी खाकरून घसा साफ केला. "फळ वेगळं नसतेच, पत्रूभाऊ. साल आईची, गर आईचा, चव आईची. बाप हाय तो फक्त आतल्या बियांमंदी. या बिया पुढच्या वर्षी लावू, तवा खरं वाण दिसन. जीव सिरोंच्याचा, चव गोंडपिपरीची. सारं या बियांत हाय. या जगात या एका भेदऱ्याशिवाय ते दुसऱ्या कुठीच नाई."

पत्रूभाऊंनी भेदऱ्याकडे पाहिलं, हरिदासभाऊंकडे पाहिलं. "म्हणजे इतके महिने करून बाहेरून काईच झालं नाई," असा निष्कर्ष काढला आणि चहा घेऊन गेले.

आणि मग आश्विन पौर्णिमा आली.

वर्षावास त्या दिवशी संपत होता. पावसाचे महिने विहारात मुक्काम करून ग्रंथवाचन करणारे भंतेजी दुसऱ्या दिवशी गडचिरोलीकडे निघणार होते. म्हणून शेवटचं भोजनदान सगळ्या गल्लीचं. मनकर्णाबाई पांढरी साडी नेसून सकाळीच विहारात गेली होती. हरिदासभाऊंनी ओट्यावरूनच पाहिलं, थैली जागच्या जागी लटकत होती. समाधानानं पांढरा सदरा घालून ते बाजारात गेले. बिया धुऊन ठेवायला एखादी रुंद तोंडाची काचेची बाटली हवी होती. मनाजोगी मिळाली. ती छातीशी धरून, लहान मूल आणावं तशी आणत ते फाटकातून आत आले आणि थांबले.

वाफा हिरवा होता. नुसता हिरवा. त्यात लाल ठिपका नव्हता.

ते धावले. थैली होती. गाठ नीट मारलेली होती. थैली रिकामी होती.

बाटली हातातून कशी सुटली ते त्यांना कळलं नाही. फुटल्याचा आवाज भिंतीपलीकडे गेला आणि डोकं वर आलं.

"कमळाबाई आल्ती," पत्रूभाऊ म्हणाले. "परडी भरून घेऊन गेली. भंतेजीच्या चटणीले. तुमच्या बाईनंच सांगतलं म्हणे, घेऊन जा म्हणून."

हरिदासभाऊ सुन्न झाले. तोडलं तर तोडलं, पण थैली सोडून, फळ काढून, पुन्हा गाठ मारून ठेवायची! महिला मंडळाच्या अध्यक्षाचं हे काम? भेदऱ्याची चटणी म्हणजे आधी भेदरी निखाऱ्यावर भाजणार. भाजलेलं बी पुन्हा उगवत नाही. वाफ्याकडे धावताना निसटलेल्या चपला शोधायला वेळ नव्हता. अनवाणी, पांढऱ्या कपड्यांत, पंचावन्न वर्षांचा हेडक्लार्क भर गल्लीतून पळताना पाहून कुत्रीसुद्धा भुंकायचं विसरली.

विहाराच्या मागच्या पडवीत चूल पेटली होती. निखारे ओढून ठेवले होते. रंभाबाई, मंडळातली सर्वांत वयस्कर बाई, लसूण सोलत होती. परातीत भेदऱ्यांची रास होती.

"थांबा!" हरिदासभाऊ ओरडले. "भाजू नका!"

कमळाबाईंच्या हातातला चिमटा तसाच राहिला. "काय झालं? साप निंघाला काय?"

"थैलीतलं भेदरं. ते परत द्या."

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. कमळाबाई सावकाश उठल्या. "भाऊ, दानात आलेलं परत मांगता? पौर्णिमेच्या दिवशी?"

"परत नाई... म्हणजे, ते एकच. बाकीचे ठेवा."

"थैलीले मी हातबी नाई लावला. फांदीवर दिसले ते तोडले."

"मंग थैली रिकामी कशी?"

"मले काय मालूम! थैलीले विचारा!" त्यांनी परात पायानं पुढे सरकवली. "घ्या. कोणतं तुमचं? उचला."

हरिदासभाऊ परातीपुढे बसले. एक भेदरं उचललं. लाल, वळ्यावळ्यांचं. दुसरं उचललं. लाल, वळ्यावळ्यांचं. एकाच घरातल्या मुलींना एकाच ताग्यातले झगे शिवावेत, तशी सगळी त्यांच्याकडे पाहत होती. त्यांनी खिशातून भिंग काढलं. देठ पाहिले, बूड पाहिलं. आणि हळूहळू, पायांच्या तळव्यापासून वर चढत, त्यांना एक गोष्ट समजली. साल आईची, गर आईचा. ज्यांनी साऱ्या गल्लीला हे समजावून सांगितलं, त्यांनाच स्वतःचं भेदरं ओळखता येणार नव्हतं.

"सापडलं काय जी?" रंभाबाईनं विचारलं.

"सगळ्यांच्याच बिया काढून देतो," हरिदासभाऊ क्षीण आवाजात म्हणाले. "मंग करा चटणी."

मग जो गलका झाला! बिया काढल्यावर चटणीत राहणार काय? सालपटं वाढायची भंतेजीले? बारानंतर भंतेजी अन्नाला शिवत नाहीत आणि घड्याळाचे काटे तर एकमेकांकडे सरकत होते. "भंतेजी उपाशी राह्यले न, तर नाव तुमचं सांगन मी, भाऊ!" कमळाबाई म्हणाल्या. "तीन महिने जे वाढलं ते गुपचूप जेवले. आज आखरीच्या दिवशी तुमच्या क्रासपायी!"

पण हरिदासभाऊंनी विळी ओढून घेतली होती. चिरायचं, अंगठा घालून बिया डब्यात ढकलायच्या, रिकामं भेदरं परातीत टाकायचं. चिरायचं, ढकलायचं, टाकायचं. रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. पांढऱ्या सदऱ्यावर लाल शिंतोडे उडाले. एक कपाळावर बसला. गलका ऐकून भंतेजी दारात आले आणि जागीच थिजले.

"उपासक! जखम झाली का?"

"नाई भंतेजी. वंदामि. टमाटर हाय."

भंतेजींनी एकदा विळीकडे, एकदा सदऱ्याकडे, एकदा कमळाबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "चटणी नसली तरी चालेल," ते हळूच म्हणाले.

"चालन कसं?" साऱ्या बाया एका सुरात ओरडल्या, आणि भंतेजी आत जाऊन निमूट बसले.

त्याच वेळी मनकर्णाबाई दुधाची कॅन घेऊन पडवीत आली. नवरा विळीवर, कोपरापर्यंत लाल. भोवती बायांचं कडं. "काय चाललं हे?" कमळाबाईंनी एका दमात सगळं सांगितलं. ऐकता ऐकता मनकर्णाबाईचा चेहरा कसानुसा झाला. ती काहीतरी बोलायला गेली. मग तिनं ओठ मिटले, पदर खोचला, नवऱ्यासमोर बसली आणि दुसरी विळी ओढून बिया काढू लागली.

चटणी झाली. पातळ झाली, पण झाली. काटे जुळायच्या थोडं आधी भंतेजींच्या पात्रात पडली. बाया दाराआडून पाहत राहिल्या. भंतेजींनी शांतपणे सगळं संपवलं, आणि कमळाबाईंनी चिमटा खाली ठेवला.

दोघं घराकडे निघाली, तेव्हा हरिदासभाऊंनी बियांचा डबा दोन्ही हातांनी धरला होता. लाज होतीच, पण लाजेखाली एक ऊब होती. इतक्या बियांत कुठंतरी त्या बिया होत्या. सगळ्या लावाव्या लागतील, वर्ष जाईल, जाऊ दे.

"अजी," मनकर्णाबाई म्हणाली. "ते त्यात नाई."

"काय?"

"थैलीतलं. काल सांजच्या सरीनं फाटलं होतं ते. मुंग्या लागून राह्यल्या होत्या. म्हटलं, वाया जाईन. मीठ लावून खाल्लं मी."

हरिदासभाऊ रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. मागून आलेल्या स्कूटरवाल्यानं हॉर्न वाजवला, मग त्यांचा सदरा पाहून वळसा घालून गेला.

"बिया?"

"भेदरं खाताना बिया कोण थुकते जी?" तिचा आवाज बारीक झाला. "थैली बांधून ठेवली, तुमाले रातच्याले धक्का नको म्हणून. सकाळी सांगणार होती, तर विहारात लवकर जा लागलं. ते गेलंच, मंग बाकीचे कायले राखायचे, म्हणून भंतेजीले दिले."

"आन् तिथी काऊन नाई बोलली?"

"इतक्या बायांत? कोपरापर्यंत लाल होऊन बसले होते तुमी. मी बोलली असती, तर तिथून उठता आलं असतं का तुमाले?"

हरिदासभाऊंनी हातातल्या डब्याकडे पाहिलं. साऱ्या पावसाळ्याचा चिमटा, भिंग, न्हाव्याचा टोमणा, सगळं चिमूटभर मिठाबरोबर गेलं होतं.

"पण जमलं बरं का तुमचं," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर आता वेगळाच उजेड होता. "चव. आईच्या कुडावरच्या भेदऱ्याची होती न, अगदी तीच. माझा एक डोळा मिटला आपोआप. नळाजवळ बसून खाल्लं मी, आन् रडलीबी थोडीशी. मले वाटलं नव्हतं तुमच्यानं होईन. त्या सिरोंच्याच्या फोपशाचा तर पत्ताबी नाई लागला."

हरिदासभाऊंनी सवयीनं तोंड उघडलं. सांगायचं होतं, की पत्ता लागणारच नव्हता. ती चव क्रॉसची नव्हे, झाडाचीच. त्या झाडावरचं कोणतंही भेदरं तिला तसंच लागलं असतं. महिनाभर तिच्या दारात लाल होऊन लटकत होतं ते, आणि एक तोडू का, असं ती रोज...

इथं येऊन त्यांचा विचार थबकला. त्यांनी उघडलेलं तोंड तसंच मिटून घेतलं.

"काय जी?"

"काई नाई. जमलं म्हणते न तू? बस मंग."

दोघं पुन्हा चालू लागली. तिनं त्यांच्या हातातून डबा घेतला, सहज झाकण काढलं, बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. तिचा डावा डोळा मिटला. मग तो उघडला. मग तिनं पुन्हा बोट बुडवलं. पुन्हा मिटला.

"अजी," ती सावकाश म्हणाली, "हे तर थैलीबाहेरचे साधेच होते न?"

आश्विनातलं ऊन लख्ख पडलं होतं. आभाळात कापसाएवढाही ढग नव्हता.

"पाऊस येते वाटते," हरिदासभाऊ म्हणाले, आणि अनवाणी पायांनी झपाझप चालू लागले.